उजेड कुठल्या बाजूनं?

सुधाकरकाका जन्मापासून आंधळे आहेत, आणि कुणी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "उजेड कुठल्या बाजूनं येतोय?"

नवा माणूस गडबडतो. तो काकांच्या काळ्या चष्म्याकडे बघतो, मग हातातल्या फोटोकडे, मग आजूबाजूला कुणी हसतंय का ते बघतो. कुणी हसत नाही. आम्ही इंदिरानगरच्या त्या सोसायटीतले जुने लोक नुसती मान हलवतो. सांगून टाका, सांगितल्याशिवाय इथून सुटका नाही.

मी त्यांना आंधळे म्हटलं ते त्यांच्याच परवानगीनं. सोसायटीच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं "आपले दृष्टिहीन बंधू" अशी सुरुवात केली, तेव्हा काका खालूनच म्हणाले, "आंधळा म्हणा. तुमचा तो शब्द संपेपर्यंत मी घरी जाऊन येतो."

ते एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झाले. पानिपत शिकवताना ते मुलांना बाकं हलवायला लावायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मराठे खिडकीच्या बाजूला, अब्दाली फळ्याच्या बाजूला, आणि यमुना म्हणजे कडेची पाण्याची पिंपं. शेजारच्या वर्गातले सर तक्रार करायला आले की काका त्यांनाही कुठल्या तरी फौजेत घालायचे. लग्न केलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर ते आणि त्यांचे थोरले भाऊ असे दोघंच राहतात. थोरले भाऊ आजारी असतात, बाहेर पडत नाहीत, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आंधळ्या माणसाला वासावरून आणि पावलांवरून सगळं कळतं, अशी आमच्या सोसायटीची पक्की समजूत आहे. काकांनी ती कधी मोडली नाही, उलट वापरली. मी जिन्यात भेटले की ते म्हणायचे, "वैशाली, आज कामावरून लवकर? आणि मेथी आणलीस." मी थक्क व्हायचे. पुढं कितीतरी दिवसांनी कळलं की वॉचमन गेटवरून येणाऱ्या प्रत्येकाची बातमी काकांना फोनवर देत असे. मी जाब विचारला तर म्हणाले, "वासाचं काय घेऊन बसलीस? मला बारा महिने सर्दी असते."

त्यांचा फोन हा एक वेगळाच प्राणी आहे. त्यांना स्क्रीनचा उपयोग नाही, म्हणून ती कायम काळी. बोट फिरवलं की फोन बोलतो, आणि इतक्या वेगानं बोलतो की दोन चिमण्या भांडताहेत असं वाटावं. रिक्षा स्टँडवर एकदा कुणी तरी काळजीनं सांगितलं, "काका, तुमचा फोन बंद पडलाय." काका हळूच म्हणाले, "त्याला सांगू नका. तो बिचारा काम करतोय."

या काळ्या स्क्रीनमुळेच त्यांचा हा उद्योग सुरू झाला.

तळमजल्यावरच्या शिंपीकाकूंच्या हातातून फोन जिन्यावर पडला. काच फुटली आणि पडदा काळा झाला. फोन वाजायचा, थरथरायचा, पण दिसायचं काहीच नाही. आत नातवाच्या बारशाचे सगळे फोटो. दुकानदारानं मान हलवली आणि काकू जिन्यात बसून रडायला लागल्या. वरून सुधाकरकाका काठी टेकत उतरत होते. त्यांनी विचारलं, "पडद्यावर काही दिसत नाही, एवढंच ना?"

"एवढंच म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"माझ्या फोनवरही काही दिसत नाही. मी गेली कितीतरी वर्षं वापरतोय. द्या इकडं."

त्यांनी आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. काही क्षणांनी फोन बोलायला लागला. काकूंनी हळू आवाजात पिन सांगितला, काकांनी तो काळ्या काचेवर टिपत टिपत घातला, आणि वर घरी जाऊन सगळे फोटो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. त्या लॅपटॉपचाही उजेड शून्यावर असतो. फोटो आलेत की नाही हे बघायला मलाच बोलावलं आणि तो उजेड कुठल्या बटणानं वाढतो हे शोधण्यात माझाच अर्धा तास गेला.

काकूंनी पैशाचं विचारलं. काका म्हणाले, "एक फोटो सांगा."

"सांगा म्हणजे?"

"त्यात काय आहे ते सांगा."

काकूंनी फोटो बघितला. "छान आहे."

"छान म्हणजे काय? पुढं बोला."

"बाळ आहे पाळण्यात."

"झोपलंय की जागं?"

"जागं आहे. तोंडात मूठ घातलीय."

"कुठली मूठ?"

"डावी. आणि टोपडं एका डोळ्यावर आलंय." काकूंना आता गंमत वाटायला लागली होती. "सूनबाई मागं उभी आहे, पण तिचं लक्ष बाळाकडं नाही. जेवणाच्या पंगतीकडं आहे."

"वा. आणि उजेड कुठल्या बाजूनं?"

काकू थबकल्या. मग सावकाश म्हणाल्या, "उजवीकडून. दार उघडं आहे तिथून."

काकांनी समाधानानं मान हलवली. काकूंनी मात्र त्याच संध्याकाळी सगळ्या सोसायटीला सांगितलं की सुधाकररावांना थोडंफार दिसतं. नाही तर उजेडाचं कशाला विचारतील? तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर परीक्षा घ्यायची म्हणून काकांच्या रोजच्या वाटेत मुद्दाम एक खुर्ची ठेवली. काकांची काठी खुर्चीला लागली. ते तिच्यावर बसले आणि गृहस्थ जिन्याआड ताटकळेपर्यंत आरामात बसून राहिले.

मग फुटके फोन यायला लागले. मोबाईलची दुकानंच गिऱ्हाईक पाठवायची. सगळेच फोन बोलायचे असं नाही. कधी बटणं दाबून उपयोग व्हायचा नाही, तेव्हा काका एका छोट्या जोडणीनं फोनला कॉम्प्युटरचा कीबोर्ड लावायचे. पिन आठवत नसेल तर सरळ हात जोडायचे. पाण्यात पडून पूर्ण मेलेला फोन असेल तर खोटी आशा दाखवायचे नाहीत. जमलं तर फी तीच, एक फोटो सांगायचा, नीट. एक तरुण मुलगा फोटो निवडून सांगायला बसला आणि पाच मिनिटं नुसताच खाकरत राहिला. काका म्हणाले, "बरं, दुसरा निवड." त्या पहिल्या फोटोत काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, आता तर फोनमध्ये फोटोचं वर्णन करणारी ॲपं निघालीत."

"आहे की माझ्याकडं. नोटा ओळखायला, पत्रं वाचायला फार उपयोगी. फोटो दाखवला तर म्हणतं, एक स्त्री, साडी, बहुधा आनंदी." काका थांबले. "बहुधा! माणूस बघतो तेव्हा त्याला काही तरी वाटतं. ते या ॲपला वाटत नाही."

मला वाटायचं हाच त्यांचा छंद. लोकांच्या डोळ्यांनी जग गोळा करायचं. खरं काय ते कळलं सुनंदाताईमुळं.

सुनंदाताई ही माझी थोरली बहीण. लग्न होऊन येवल्याला गेली, आता बोलतेही तिथल्यासारखीच. सासरी पैठणीचा माग, तो ती नवऱ्याच्या बरोबरीनं चालवायला शिकली आणि आता त्याच्यापेक्षा बारीक विणते, असं तिचा नवराच सांगतो. त्या वर्षी तिच्याकडं सटाण्याच्या एका आजींचं काम आलं होतं. आजींच्या लग्नातली पैठणी घड्यांवर फाटलेली, पण पदर शाबूत. नातीच्या लग्नात नातीनं असाच पदर घ्यावा, ही आजींची एकच इच्छा. त्या साडी हातातून सोडायला तयार नव्हत्या, म्हणून ताईनं सटाण्याला जाऊन अंगणात खाटेवर पदर पसरला, फोनवर फोटो काढले आणि साडी परत केली. पुढं त्या घरात वाटण्या झाल्या. जुनी जर विकत घेणारा फिरतीवर आला होता, त्याला आजींच्या धाकट्या मुलानं घरातल्या जुन्या साड्या देऊन टाकल्या. चांदी काढण्यासाठी त्या जाळतात. आजींना कळलं तेव्हा साडी गेलेली होती.

म्हणजे तो पदर आता फक्त ताईच्या फोनमध्ये होता. तिनं साडीचं अंग विणून काढलं. पदराची नक्षी कागदावर उतरवायची म्हणून फोन मागाच्या कडेला ठेवला. हे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात, विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो. फोन घसरून खड्ड्यात पडला आणि तिचाच पाय त्यावर पडला.

ती सकाळच्या एसटीनं नाशिकला आली तेव्हा फोन रुमालात बांधलेला होता, जखमी पाखरू आणावं तसा.

"दोन दुकानं फिरले," ती म्हणाली. "एक म्हणतो मॉडेल जुनं हाय, पडदा मिळत नाय. दुसरा म्हणतो रिसेट मारून देतो, फोन चालू होईल. म्हटलं, फोटो? तर म्हणे, फोटो जातील. मग तो फोन घेऊन मी काय करू? आजीबाई रोज निरोप धाडतात, पोपट मागं बघतोय ना, म्हणून. त्या पदरात एक पोपट मान वळवून मागं बघत व्हता. दुसरं काय बी चुकलं तर चालंल म्हणतात, तेवढं नाय चुकलं पायजे."

आम्ही वर गेलो. काकांनी फोन हातात घेतला, फुटलेल्या काचेवरून जपून बोट फिरवलं. "वरचा भाग ऐकतोय. खालचा मेलाय. आणि पिनचे आकडे खालीच असतात." त्यांनी एक छोटं खोकं काढलं, त्याला एकीकडून कीबोर्ड आणि दुसरीकडून पेनड्राइव्ह लावला, आणि ते फोनला जोडलं. ताई खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. फोन चिवचिवला. काका ताईनं सांगितलेला पिन घालून, कीबोर्डवर एकेक कळ दाबत, मान तिरकी करून ऐकत होते. आम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"सटाण्याला कधी गेला होतात?"

"श्रावणात. नागपंचमीच्या आदल्या दिवशी."

"दुपारी?"

"व्हय, तीन-चार वाजता."

"मग हेच असणार, तारीख-वेळ जुळतेय," काका म्हणाले.

फोटो पेनड्राइव्हवर उतरले. मी लॅपटॉपचा उजेड वाढवला. ताईनं पदर पाहिला, दोन्ही हात तोंडावर घेतले. मग पडद्याजवळ सरकली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पोपट दिसत नाय गं." ती एकामागून एक फोटो सरकवत होती. "काठ हाय, मोर हाय, वेल हाय. पोपटांची ओळ सगळी पांढरी फटक. जर चमकलीय नुसती. त्या दिवशी उन्हात मला फोन नीट दिसतच नव्हता. मान कुठं, चोच कुठं, काय बी कळत नाय."

मला वाटलं, आता काका फी मागतील आणि मला ते त्या वेळी बरं वाटणार नाही. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "उजेड कुठल्या बाजूनं येत होता?"

"काका, आत्ता नको," मी म्हटलं.

"नाही, वैशाली, ऐक." त्यांचा आवाज वेगळा होता. "हे मला कळणार नाही. मला फक्त विचारता येतं. उत्तराचं काय करायचं ते मला माहीत नाही. हे अण्णाचं काम आहे."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, प्रभाकर. काकांनी मग आम्हाला सांगितलं ते असं. अण्णांचा मेनरोडला फोटो स्टुडिओ होता. फिल्मच्या काळातला. सुट्ट्यांत लहानगा सुधाकर डार्करूममध्ये काम करायचा, कारण तिथल्या मिट्ट काळोखात बाकी सगळे चाचपडायचे आणि याला काहीच फरक पडायचा नाही. रोल काढणं, रिळावर चढवणं, डब्यात घालणं, सगळं तो झपाझप करायचा. कागद वाळत घातले की अण्णा त्याला प्रत्येक फोटो सांगायचे. नवरी कशी बसलीय, करवली कुठं बघतेय, कुणाच्या पायात चप्पल नाही. अख्ख्या नाशिकची लग्नं त्यानं अशी भावाच्या तोंडून पाहिली. शाळेत, कॉलेजात, नोकरीत त्याला जे बोलणं आलं, ते त्या वाळत घातलेल्या कागदांखाली आलं, असं काका म्हणाले.

"आणि आता?" ताईनं विचारलं.

"काचबिंदू. उशिरा कळलं. पाच-सहा वर्षांत सगळं गेलं. मी म्हटलं, अण्णा, मी आहे ना, मी शिकवतो. काठी आणली, फोन आणला. त्यानं फोन भिंतीवर फेकला. म्हणाला, तुला सवय आहे, मला नाही." काका चष्मा पुसायला लागले. ते चष्मा का पुसतात हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. "मग बोलणंच बंद केलं. दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. एकदा मी शिंपीकाकूंच्या नातवाच्या बारशाचा फोटो त्याला सहज सांगायला लागलो, तर त्यानं कूस बदलून विचारलं, उजेड कुठून होता? मला सांगता आलं, कारण तेव्हा मी तो प्रश्न नुसता सवयीनं विचारला होता, त्याच्याकडून लहानपणी ऐकलेला. त्यानंतर मी रोज संध्याकाळी एक फोटो घेऊन जातो. उजेडाचं सांगता आलं नाही की तो परत भिंतीकडं वळतो."

ताईनं लॅपटॉप उचलला आणि म्हणाली, "कुठल्या खोलीत हायेत?"

आत अण्णा पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपले होते. खोलीत औषधांचा आणि बंद खिडकीचा वास होता. काका दारातूनच म्हणाले, "अण्णा, येवल्याहून एक बाई आल्यात. पदराचे फोटो आहेत. जर चमकलीय, नक्षी दिसत नाही."

मग भिंतीकडून आवाज आला. "फ्लॅश?"

"नाय," ताई म्हणाली. "उन्हात काढले."

"कशाला?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"जरीवर ऊन मारून चांगलं दिसतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" अण्णा कुशीवर वळले. "पदर कशावर ठेवला होता?"

"खाटेवर."

"उभा की आडवा?"

ताईनं पलंगाजवळची खुर्ची ओढली. मी मागं सरले. काकांनी माझ्या कोपराला हात लावला आणि आम्ही दोघं बाहेर स्वयंपाकघरात आलो. त्यांनी चहा टाकला. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं. आधी प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा, मग ती कमी कमी होत गेलेली.

चहा झाला. मी ट्रे उचलून निघाले तर काकांनी अडवलं.

"आत जाऊ नकोस."

"गार होईल."

"होऊ दे."

आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. आत अण्णा म्हणत होते, "अहो बाई, सूर्य तुमच्या पाठीशी होता, पदर तिरका होता, म्हणजे सगळा उजेड उसळून तुमच्याच डोळ्यात. ते सगळे फोटो बाजूला ठेवा. खराब आलेला एखादा आहे का? तुमचीच सावली पडलेला?"

"हाय की एक. माझं डोकं आलंय त्यात, सावलीचं. तो मी पुसूनच टाकणार व्हते."

"पुसू नका. तोच उघडा. सावलीत जर गप्प बसते. सावली कुठं पडलीय? मोरावर की खाली?"

"खाली. अर्ध्या ओळीवर."

"मग तेवढाच भाग मोठा करा. घाई नको. सावलीची कड धरून आत या."

मग ताईचा आवाज आला, आणि तो रडवेला होता की हसरा हे मला दारातून कळलं नाही. "हाय. एक पोपट पुरा हाय. मान वळवलीय त्यानं. चोच शेपटीकडं."

"एक पुरे," अण्णा म्हणाले. "बाकीचे तसेच विणायचे असतील ना? डोळा आहे का त्याला? रंग कुठला? नीट सांगा, नुसतं आहे म्हणू नका."

ती पैठणी पुढं विणून झाली, सटाण्याला गेली आणि लग्नात नेसली गेली. आजींनी पदर डोळ्यांजवळ धरून पोपट मोजले आणि अहिराणीत ताईला काही तरी म्हणाल्या, ते ताईनं मला सांगितलं नाही, ते आपल्यापाशी ठेवलं. ती सगळी हकीकत सरळ आहे. मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

सुधाकरकाका दाराशी भिंतीला टेकून उभे होते. आत अण्णा आता ताईशी चक्क वाद घालत होते, पोपटाच्या पंखाला हिरवा कुठला, यावरून. ताई म्हणत होती की तिला रंगातलं कळतं, आणि अण्णा म्हणत होते की फोनच्या पडद्यावर हिरवा नेहमी खोटा दिसतो. काका ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडं तोंड केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वैशाली, तो कसा दिसतोय?"

मी दारातून आत पाहिलं. काकांना "बरे दिसताहेत" म्हणून चालणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"उठून बसलेत," मी म्हटलं. "पाठ भिंतीला लावलेली नाही. पाय पलंगावरून खाली सोडलेत, एका पायात चप्पल आहे, दुसरी पलंगाखाली गेलीय. उजवा हात हवेत आहे, अंगठा आणि बोट पसरून. मोजमाप दाखवताहेत ताईला."

"ती बघतेय का त्या हाताकडं?"

"बघतेय."

"पुढं बोल."

"सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या भोकात लावलंय. केस मागून उभे राहिलेत. चेहऱ्यावर..." मी थांबले. "कपाळावर आठी आहे. पण रागाची नाही. शिक्षकांच्या कपाळावर असते तशी."

काका किंचित हसले. मग विचारलं, "दाढी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "वाढलीय. बरीच. पांढरी आहे, गळ्याशी गुंता झालाय."

"मला म्हणतो, रोज करतो." काकांनी स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला. "हात लावू देत नाही ना चेहऱ्याला. आणि घरात येणारं दुसरं कुणी नाही. बाहेरच्या माणसाला बोलावून माझा भाऊ कसा दिसतो म्हणून विचारायचं, ते मला जमलं नाही. त्याच्या मागं त्याची चहाडी केल्यासारखं."

"उद्या न्हाव्याला बोलावू," मी म्हटलं. "आमच्याकडं येतो तो चांगला आहे."

"नको, आधी त्याला विचारतो. आज विचारलं तर कदाचित ऐकेल."

एवढ्यात आतून आवाज आला. खणखणीत, थोरल्या भावाचा.

"सुधा, घरात पाहुणे आलेत. चहापाणी काही आहे की नाही?"

काका ताडकन वळले. त्यांना कशाला धडकताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चौकटीला खांदा आपटला, आणि तो चोळायलाही ते थांबले नाहीत.

"आणतो, अण्णा," ते म्हणाले. माझ्या हातातल्या ट्रेमधल्या कपाला त्यांनी बोट लावून पाहिलं, साय धरलेली होती. त्यांनी तो सगळा चहा मोरीत ओतला आणि नवं आधण ठेवलं.